सुंदर पराभवाचे पुजारी

गेल्या सत्रात आमच्या एम.ए.च्या वर्गात एका विद्यार्थ्याने ब्राझिलचा फुटबॉलपटू सोक्रातेस याच्यावर निबंध वाचला. निबंध नेटका होता, भाषा कमावलेली होती आणि वाचन संपल्यावर वर्गाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. नंतर चहा घेताना आमच्या लक्षात आले की या निबंधातले एकही विधान आम्हांला नवे नव्हते. निम्मी विधाने तर त्याने आमच्याच तोंडून ऐकलेली होती. उंच, सडपातळ, दाढीवाला डॉक्टर, तत्त्ववेत्त्याचे नाव, ओठांत सिगारेट आणि हातात बिअर, टाचेने दिलेले पास, १९८२चा तो संघ आणि इटलीकडून झालेली ती हार, शेवटी अकाली मृत्यू. निबंधाचा समारोप असा की जिंकणारे विस्मृतीत जातात, सुंदर हरणारे उरतात.

प्रस्तुत लेख त्या विद्यार्थ्याविरुद्ध नाही. तो आमच्या पिढीच्या साहित्यशिक्षकांविरुद्ध, म्हणजे पर्यायाने आमच्याविरुद्धच आहे. मधल्या फळीत खेळणाऱ्या या माणसाने आपल्या सहकाऱ्यांसह कामाच्या ठिकाणी मतदानाचा हक्क आणला, तो चालवून दाखवला आणि चालवत असताना लागोपाठ दोन वर्षे साओ पाउलो राज्याचे अजिंक्यपद मिळवले. हे सगळे एका लष्करी राजवटीत घडले. आणि आम्ही साहित्याची माणसे त्याला एका हरलेल्या सामन्यात कोंडून बसलो आहोत! आमच्या मते हा रसिकतेचा नव्हे, आळसाचा प्रकार आहे.

प्रथम नावाचा प्रश्न निकालात काढू. सॉक्रेटीस म्हटले की आमच्या पिढीला मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मधले डॉ. श्रीराम लागू आठवतात (तेही डॉक्टरच होते, हा योगायोग कुणाला कसा सुचला नाही याचे आश्चर्य वाटते). त्या ग्रीक तत्त्वज्ञाशी गल्लत नको म्हणून फुटबॉलपटूचे नाव आम्ही पोर्तुगीज उच्चाराला जवळचे असे 'सोक्रातेस' लिहितो. त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १९५४ रोजी बेलेंचा. वडील स्वतःच्या प्रयत्नाने शिकलेले, पुस्तकांत रमलेले. त्यांनी पहिल्या तीन मुलांची नावे सोक्रातेस, सोस्तेनेस आणि सोफोक्लेस अशी ठेवली. धाकटा राई, जो पुढे १९९४च्या विश्वविजेत्या संघात होता, तो मात्र ग्रीकांच्या तावडीतून सुटला. या ग्रंथप्रेमी वडिलांचा उल्लेख आमच्या सर्व व्याख्यानांत येतो. पुढची गोष्ट क्वचितच येते. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली तेव्हा याच वडिलांनी भीतीपोटी आपली काही पुस्तके स्वतःच्या हाताने नष्ट केली आणि दहा वर्षांच्या मुलाने ते पाहिले. सोक्रातेस पुढे अनेकदा ही आठवण सांगत असे. आमच्या व्यवसायातल्या माणसाला यापेक्षा जवळची आठवण कोणती असणार? तरीही आम्ही मुलाच्या नावावर थबकतो आणि नष्ट झालेल्या पुस्तकांपर्यंत पोचतच नाही.

शिवाय नावाचे हे साम्य जुळते कुठे? अथेन्सच्या सॉक्रेटीसला न्यायसभेने बहुमताने मृत्युदंड दिला आणि त्याच्या शिष्याने, प्लेटोने, बहुमतावर आयुष्यभर संशय धरला. ब्राझिलचा हा नामधारी दुपारचे जेवण किती वाजता घ्यायचे हेही मतदानाला टाकत होता. तुलना करायचीच तर ती विरोधाची होईल. पण विरोध दाखवायचा तर दोघांचीही चरित्रे वाचावी लागतात.

दुसरा मुद्दा टाचेचा. टाचेने मागे दिलेला पास ही सोक्रातेसची ओळख, आणि आमच्या कलावादी मंडळींना ती फार प्रिय. उपयुक्ततेच्या पलीकडचा, निव्वळ सौंदर्यासाठी केलेला आविष्कार म्हणून तिचे दाखले दिले जातात. वस्तुस्थिती अशी की हा माणूस १.९२ मीटर उंच होता, त्याची पावले त्या मानाने लहान होती आणि चेंडू घेऊन झटकन वळणे त्याला जड जाई. त्यात तो रिबेराँव प्रेतू येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच त्या गावच्या बोताफोगो संघाकडून खेळत होता. इतरांइतका सराव करायला त्याच्याजवळ वेळ नव्हता. वळता येत नसेल तर न वळता पास कसा द्यायचा, या अडचणीचे उत्तर म्हणजे ती टाच. एका स्पर्शात चेंडू सोडायचा, धक्काबुक्की टाळायची, धावायचे काम चेंडूला द्यायचे. ही शैली गरजेतून आली, आणि गरज अभ्यासाच्या वेळापत्रकातून. १९७७ साली तो डॉक्टर झाला आणि १९७८ साली साओ पाउलोच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये गेला. छंदाची लय अडचणीतून जन्मते हे आम्ही कवितेच्या तासाला खडू झिजवून सांगतो. खेळाडूच्या बाबतीत मात्र आम्हांला 'प्रतिभा' हा शब्द पुरतो.

आता त्या सामन्याकडे वळू. ५ जुलै १९८२, बार्सिलोनातील सारिया मैदान. आमच्यापैकी कुणालाही तो सामना पाहिल्याची आठवण असणे शक्य नाही. एक जण पाळण्यात होता आणि दुसरा अजून यायचा होता. आमची हळहळ संपूर्णपणे उसनी आहे, हे आधी कबूल करतो. तेले सांतानाच्या त्या संघात झिको, फाल्काँव, सेरेझो होते आणि सोक्रातेस कर्णधार होता. ब्राझिलला पुढच्या फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. इटलीच्या पाओलो रोस्सीने पाचव्या मिनिटाला गोल केला. बाराव्या मिनिटाला झिकोने जेन्तीलेला चकवून दिलेल्या पासवर सोक्रातेसने गोलरक्षक झोफ आणि जवळचा खांब यांच्या मधून चेंडू मारला. मग सेरेझोच्या आडव्या, बेफिकीर पासवर रोस्सीचा दुसरा गोल. अडुसष्टाव्या मिनिटाला फाल्काँवची बरोबरी. आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला रोस्सीचा तिसरा. इटली ३, ब्राझिल २.

या सामन्याची आख्यायिका सांगते की बरोबरी पुरेशी असताना ब्राझिलने बचाव करण्यास नकार दिला. त्यांना सौंदर्याशी प्रतारणा करायची नव्हती, आणि त्या निष्ठेची किंमत त्यांनी मोजली. आमचा विद्यार्थीही हेच म्हणाला, आणि 'शोकात्मिका' हा शब्द त्याने तीन वेळा वापरला. ज्यांना शक्य असेल त्यांनी तिसरा गोल पुन्हा पाहावा. तो कॉर्नरवरून झाला. त्या क्षणी जवळजवळ सगळा ब्राझिल संघ स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात उभा आहे! ते बचावच करीत होते. फक्त तो नीट केला नाही. चेंडू अर्धवट बाहेर काढला, तार्देल्लीने परत मारला, आणि ब्राझिलचा एक खेळाडू गोलरेषेवरच राहिल्यामुळे रोस्सी ऑफसाइड ठरला नाही. यात नियती नाही, चुका आहेत. आणखी एक गोष्ट पुजाऱ्यांच्या सोयीची नाही: शेवटी शेवटी आंतोन्योनीने केलेला इटलीचा चौथा गोल पंचांनी ऑफसाइड ठरवून नाकारला, आणि तो निर्णय चुकीचा होता. इटली त्या दिवशी चोरून जिंकली नव्हती. ती चांगली खेळली होती.

आम्हांला यात तपशिलाचा छिद्रान्वेष करायचा नाही. आक्षेप शोकात्मिका या संकल्पनेच्या उधळपट्टीला आहे. पराभवाला एकदा शोकात्मिका म्हटले की त्याचे विश्लेषण करण्याची जबाबदारी संपते. शोकात्म नायकाला कुणी विचारत नाही की अरे, तू आडवा पास का दिलास? आणि जो केवळ हरण्यासाठीच थोर आहे, त्याने जिंकलेल्या गोष्टींची नोंदही कुणी घेत नाही. ही सवय आमच्या साहित्यव्यवहारात खोलवर मुरलेली आहे. चळवळ फसली की तिच्यावर कादंबऱ्या येतात. चळवळ वीस वर्षे नेटाने चालली, तिने नियम बदलले, वेतन वाढवून घेतले, तर तिच्यावर फार तर स्मरणिका निघते.

सोक्रातेसच्या हयातीतले खरे काम अशा स्मरणिकेच्या जातीचे आहे. म्हणून ते आम्ही वाचत नाही.

कोरिंथियन्स हा १९१० साली कामकरी माणसांनी स्थापन केलेला क्लब. दीर्घ काळ त्याच्यावर विसेंते मातेउस या अध्यक्षाचा एकहाती कारभार होता. त्या काळच्या ब्राझिलमध्ये खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राही. क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. ही वेठ कायद्याने संपायला १९९८ साल उजाडावे लागले. सामन्याआधी सगळ्यांना, अगदी लेकुरवाळ्या संसारी खेळाडूंनाही, हॉटेलात कोंडून ठेवण्याची रीत होती. १९८१ साली संघाची कामगिरी इतकी घसरली की १९८२ची राष्ट्रीय स्पर्धा त्यांना दुय्यम गटातून सुरू करावी लागली. याच सुमारास वाल्देमार पिरेस अध्यक्ष झाले आणि त्यांनी फुटबॉल विभाग आदिल्सन मोंतेरो आल्वेस या समाजशास्त्रज्ञाच्या हाती दिला. आदिल्सनने खेळाडूंना विचारले, तुमचे म्हणणे काय? उत्तर द्यायला संघात तीन माणसे तयार होती: सोक्रातेस, डाव्या बगलेवरचा कृष्णवर्णीय बचावपटू व्लादिमीर, जो खेळाडूंच्या संघटनेतही सक्रिय होता, आणि विशीतही न पोचलेला आघाडीपटू कासाग्रांदे.

पुढे जे घडले ते फार नाट्यमय नव्हते, आणि त्यातच त्याचे महत्त्व आहे. प्रत्येक गोष्टीवर मतदान. सरावाची वेळ, प्रवास, जेवण, नव्या खेळाडूची भरती, सामन्याआधी हॉटेलात राहायचे की घरी. एका माणसाला एक मत. संघाच्या डॉक्टरचे एक, मालिश करणाऱ्याचे एक, कपडे-बूट सांभाळणाऱ्याचे एक, आणि राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराचेही एकच. हॉटेलातली कोंडणी मग ऐच्छिक झाली. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क नागरिकाला नव्हता, तिथे बूट सांभाळणारा माणूस हात वर करून ठरवीत होता की संघाने कधी निघायचे. जाहिरात-व्यावसायिक वॉशिंग्टन ओलिवेत्तो यांनी या प्रयोगाचे 'कोरिंथियन्स लोकशाही' हे नाव लोकप्रिय केले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी राज्यांच्या गव्हर्नरपदांसाठी दीर्घ काळानंतर थेट निवडणूक होणार होती. त्याआधी संघाच्या जर्सीच्या पाठीवर, जिथे एरवी एखाद्या कंपनीचे नाव असते, तिथे १५ तारखेला मतदान करा असे छापलेले होते. कुणाला करा हे नव्हते. १९८३च्या अंतिम सामन्याला संघ एक फलक घेऊन मैदानात उतरला. आशय असा की जिंकू किंवा हरू, पण लोकशाहीसह.

हा फलक आमच्या पुजाऱ्यांना पाठ असतो, कारण त्यात 'हरू' आहे. पण सामन्याचा निकाल ते सांगत नाहीत. कोरिंथियन्सने १९८२चे राज्य अजिंक्यपद जिंकले आणि १९८३चेही जिंकले. हे जिंकणे प्रयोगाच्या शोभेसाठी नव्हते, ती त्याची अट होती. हरणाऱ्या संघाची लोकशाही एका महिन्यात गुंडाळली गेली असती. वृत्तपत्रांनी, जुन्या पदाधिकाऱ्यांनी, दारू पिणाऱ्या दाढीवाल्यांची बेशिस्त म्हणून तिची वाट लावली असती. सोक्रातेसला हे पक्के ठाऊक होते. कोरिंथियन्ससाठी त्याने १७२ गोल केले. सुंदर हरण्याची चैन त्या संघाला परवडणारी नव्हती.

या प्रयोगाची आरती ओवाळण्याचाही आमचा इरादा नाही. मते सारखी असली तरी वेतन सारखे नव्हते. ज्यांचा शब्द मतदानाआधीच जड असे अशी दोन-चार नावे होती आणि त्यांत सोक्रातेसचे पहिले होते. १९८३ साली गोलरक्षक लेआँवला घेण्यावरून संघात फूट दिसली; त्याला ही सारी पद्धतच मान्य नव्हती. शिवाय हक्क वरून, एका उदार पदाधिकाऱ्याच्या संमतीने मिळाला होता. त्यामुळे १९८५ साली क्लबच्या निवडणुकीत हा गट हरला तेव्हा प्रयोगही संपला. लोकशाही मतपेटीने संपावी यातला उपरोध आम्हांला कळतो. पण या दोषांची चर्चा तरी कामाची चर्चा आहे. मतदान आणि वेतन यांचा संबंध काय, चांगला वक्ता एका मताचा मालक राहतो का, असे प्रश्न त्यातून निघतात. सिगारेटच्या धुरातून ते निघत नाहीत.

१९८४ साली ब्राझिलभर थेट राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीसाठी आंदोलन उसळले. एप्रिलमध्ये साओ पाउलोतल्या विराट सभेत सोक्रातेसने जाहीर केले की त्यासाठीची घटनादुरुस्ती संसदेत संमत झाली तर तो इटलीला जाणार नाही, देशातच खेळेल. हेही वचन आम्ही प्रेमकवितेसारखे वाचतो. वास्तविक त्यात एक रोखठोक सौदा होता. माझे श्रम विकत घ्यायला परदेशी क्लब तयार आहे. ते इथे राहावेत असे वाटत असेल तर तुम्ही एवढे करा. २५ एप्रिलला मतदान झाले. बाजूने २९८ मते पडली, हवी होती ३२०. शंभरावर सदस्य आलेच नाहीत. अनुपस्थित राहून विरोध करण्याची ही रीत सभा-समित्यांवर काम केलेल्या कुणाही प्राध्यापकाला परकी वाटू नये. सोक्रातेस फियोरेन्तिनाला गेला. फ्लॉरेन्सचा एकच हंगाम, तोही निराशेचा. मग परत येऊन फ्लामेंगो, सांतोस आणि शेवटी पुन्हा बोताफोगो. १९८६च्या मेक्सिको विश्वकरंडकात तो कपाळावर मजकूर लिहिलेल्या पट्ट्या बांधून खेळला. पहिल्या सामन्यातली पट्टी भूकंपाने हादरलेल्या मेक्सिकोसाठी होती. फ्रान्सविरुद्ध पेनल्टींत, जवळजवळ जागेवरूनच मारलेला त्याचा फटका अडवला गेला. ब्राझिलसाठी ६० सामने आणि २२ गोल, इतका त्याचा हिशेब.

राहिली दारू. हा भाग लिहिताना आमचा स्वर चढला तर वाचकांनी समजून घ्यावे. सोक्रातेसच्या पिण्याचे जे कौतुक चालते ते आम्हांला असह्य होते, आणि तसले कौतुक मराठी साहित्याच्या बैठकांत आम्ही उमेदीच्या वयापासून ऐकत आलो आहोत. अमुक कवी किती प्यायचा, तमुक कथाकार कसा गटारात सापडला, आणि त्यानंतर एक आदरयुक्त उसासा. जणू यकृत जाळल्याशिवाय ओळ उजळत नाही! सोक्रातेसनेच याचा पुरावा खोडून ठेवला आहे. १९८२च्या स्पर्धेआधी त्याने सिगारेट बाजूला ठेवून, कसून मेहनत करून शरीर तयार केले होते; ज्या खेळासाठी त्याला पूजतात तो खेळ त्या शिस्तीतून आलेला आहे. २०११च्या ऑगस्टमध्ये पोटातल्या रक्तस्रावाने तो रुग्णालयात गेला, आपल्या व्यसनाविषयी उघड बोलला, आणि ४ डिसेंबर २०११ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी वारला. तो डॉक्टर होता. काय होते आहे ते त्याला आपल्यापेक्षा चांगले कळत होते. त्यात काव्य शोधणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की तुमच्या घरातला माणूस असा गेला असता तर तुम्ही कोणते विशेषण वापरले असते?

त्याच दिवशी कोरिंथियन्सने पाल्मेइरासशी ०–० बरोबरी साधली आणि राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. सामन्याआधी खेळाडूंनी त्याच्यासारखी मूठ उंचावली. कोरिंथियन्स जिंकेल त्या रविवारी मरण यावे असे तो म्हणाला होता, हे लगेच सगळीकडे छापून आले. केव्हा, कुणाला म्हणाला, हे शोधण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. पाठचिकित्सा शिकवणारे आमच्यासारखे लोकसुद्धा ते वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले.

या सत्रात आम्ही त्या विद्यार्थ्याला निबंध परत दिला आहे, आणि गुण कापलेले नाहीत. मतदानाला कोणकोणते विषय ठेवले गेले, त्यात कोण जिंकले, कोण हरले, आणि हरलेल्यांनी नंतर काय केले, एवढेच शोधून आणायला सांगितले आहे. तो म्हणाला, सर, मग यात साहित्य कुठे राहिले? आमच्यातल्या एकाने उत्तर दिले, दुसऱ्याला ते पटले नाही, आणि वाद अजून चालू आहे. ज्यांना त्यात भाग घ्यायचा असेल त्यांनी जरूर लिहावे. फक्त लिहिण्याआधी सारियाचा तिसरा गोल एकदा पाहून घ्यावा.